टाचेचं ऑपरेशन सांगता, तयारीचं पण सांगा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठवडाभर दुकानात बसायचं आणि रविवारी एकदम टेनिस बॉल क्रिकेटला उतरायचं, अशी तिशी-चाळिशीतली मंडळी आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. रन घेताना मागनं कुणीतरी लाथ घातल्यासारखं होतं, बघावं तर मागं कुणीच नाही, ती टाचेमागची जाड शीर तुटलेली असते (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरीसारखी शीर), तिलाच डॉक्टर अकिलिस टेंडन म्हणतात. पोटरी दाबली आणि पंजा हलला नाही तर शीर तुटल्याची दाट शंका. पण आपल्याकडं आधी मालिशवाला, मग लेप, असं करत महिना गेला की तुटलेली टोकं लांब सरकतात आणि साध्या टाक्यांनी भागत नाही, कधीकधी पायाच्या अंगठ्याची शीर तिथं वळवून जोडावी लागते.

माझ्या मेव्हण्याला इथल्याच एका हॉस्पिटलनं ऑपरेशनची तारीख दिली, सोबत एक इंग्रजी कागद, आणि तोंडी काय तर "उपाशी या" एवढंच. आता आपल्या माणसाला उपाशी म्हणजे जेवण नाही, चहा चालतो असंच वाटतं ना. दुधाचा चहासुद्धा सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे कुणी सांगायचं? शुगरची गोळी सवयीनं घेतली आणि पोटात काही नाही, तर शुगर खाली जाते. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरनंच ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नाही. आधी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगावं, त्यानं शीर कमजोर होऊ शकते.

आणि मावा! टाचेमागची कातडी पातळ, तिथं रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, मग जखम भरत नाही, पू होतो. पेशंट मात्र वॉर्डाच्या पायऱ्यांवर बसून शेवटची पुडी संपवतो, त्याला कुणी हटकत पण नाही. पाय साबणानं धुवून या, पण केस काढायला घरी ब्लेड मारू नका, हेही तसंच राहून जातं.

नंतरचं तर विचारूच नका. पाय खाली वाकवून प्लास्टर किंवा बूट, काही आठवडे भार द्यायचा नाही किंवा डॉक्टर म्हणतील तेवढाच, पळायला सहा-नऊ महिने. घर दुसऱ्या मजल्यावर, संडास देशी, अशा माणसानं कमोडची खुर्ची आणि वॉकर आधीच आणून चालायची प्रॅक्टिस नको का करायला? पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागला तर रक्ताची गाठ असू शकते, लगेच दवाखाना गाठायचा, हेसुद्धा आम्हाला दुसऱ्याच डॉक्टरनं सांगितलं. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असंही नाही बरं का, वेळेत आलं तर बूट आणि व्यायामावर पण बऱ्याच जणांचं जमतं, तोही पर्याय समजावून सांगायला पाहिजे.

शहरातल्या सगळ्याच हॉस्पिटलांना विनंती आहे, एक पानाचा कागद छापा, मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि आपल्याकडं तेलुगु, कन्नड, उर्दू बोलणारे केवढे आहेत ते बघता त्या भाषांत पण. आणि तो तारीख देतानाच हातात द्या, ॲडमिट झाल्यावर नको.

आपला,
एक वाचक, जुना विडी घरकुल, सोलापूर