ढीग खचतोच, विन्या!

मुलुंड, रविवार रात्र

प्रिय विन्या,

आईचा गुडघा तसाच, बाकी सगळे ठीक. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? घरी म्हणतात, दगड भिजले, त्यात एवढं काय!

चिलीच्या कामाचा कॉलम खचला, म्हणजे खाणीवरच्या ढिगाचा नमुना म्हणून खडे भरून वरून पाणी सोडलेली उभी नळी. भरताना नळीवर मार्करने काळी रेघ मारली होती. माल आता तिच्याखाली वीतभर बसलाय आणि रिकाम्या जागेत आतून पांढरं मीठ धरलंय. माझा तिथून पायच निघेना. अटाकामाच्या वाळवंटातला क्षारांचा दगड, कालिचे रे! नायट्रेट, साधं मीठ, सल्फेट, चिमूटभर आयोडेट, म्हणजे आयोडीनचा क्षार. हे क्षारच खड्याला धरून ठेवतात. ते विरघळले की खडा ढासळतो, बारीक माती खाली उतरते आणि पाण्याची वाट बुजते.

आणि आमच्या साहेबांना या ढिगाच्या गणितालाही तांब्याचंच मॉडेल हवंय! उंची कायम, पोरॉसिटी म्हणजे खड्यांमधली पोकळी कायम. तांब्याच्या ढिगात ते बऱ्यापैकी चालतं, आम्ल आत शिरतं, तांबं बाहेर येतं, दगड जागेवर राहतो. इथे दगडाचाच मोठा हिस्सा पाण्याबरोबर निघून जातो. उंची कायम धरली की पाणी ढिगात किती वेळ राहतं तेच चुकतं, मग ब्राइनचा, म्हणजे खाली येणाऱ्या क्षारांच्या पाण्याचा, दाटपणाही चुकतो. त्याच ब्राइनमधून पुढे आयोडीन काढायचं, नायट्रेटची तळी आखायची, आपल्या भांडुपच्या मिठागरांसारखी उन्हावर चालणारी. इथे सकाळपासून कोसळतोय, लोकल रखडल्यात. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, काही खाणी समुद्राचं पाणी पाइपाने वर चढवतात. त्या पाण्याचा हिशेब अंदाजपंचे द्यायचा? मला नाही जमणार.

आठवतं, कॅन्टीनमध्ये टेबलावर हात आपटून ओरडला होतास, ‘उंची हलली की गणित बोंबललं!’ देसाई सरांचा चहा त्यांच्याच शर्टावर. नाही बोंबललं, विन्या. ढिगाचे आडवे थर पाडायचे, प्रत्येक थरातून दर टप्प्याला किती क्षार गेले ते काढायचं आणि तेवढी थराची जाडी उतरवायची. खरी डोकेदुखी वेगळीच. १०० ग्रॅम पाण्यात सोडियम नायट्रेट एकटं सुमारे ९० ग्रॅम विरघळतं, मीठ ३६. पण दोघांतही सोडियम, त्यामुळे एकत्र आले की एकमेकांना मागे रेटतात, दोघंही कमी विरघळतात. प्रत्येक क्षाराचं गणित सुटं करून चालत नाही, आणि साहेब म्हणतात, ‘एकच सरासरी क्षार धरा.’ याच नायट्रेटसाठी १८७९ साली चिली, पेरू आणि बोलिव्हिया लढले, आणि आमच्याकडे त्याला नावानिशी एक समीकरणसुद्धा मिळत नाही!

मंगळवारी मीटिंग आहे. तुझ्या तांब्याच्या कॉलमच्या वह्यांत उंचीच्या नोंदी असतील, तू सगळंच लिहून ठेवायचास, त्यावरूनही आपण भांडलोय. तांब्यात उंची किती कमी हलली ते आकडे माझ्या रेघेशेजारी ठेवले की साहेबांना ऐकावंच लागेल.

वहिनींची बदली थांबली का? चिनूचं दहावीचं वर्ष ना, त्याला उगाच रागावू नकोस. घराचा रंग झाला असेलच.

वह्यांचे फोटो सोमवारी रात्रीपर्यंत टाक. अक्षर लागलं नाही तर फोन करीन, अकरानंतरही उचल.

तुझा,
सुध्या