'फसला' नव्हे, 'चिरडला' म्हणा

महोदय,

कामगार नेते आणि माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. संरक्षणमंत्रिपद, संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीचं तहलका प्रकरण, कारगिलच्या जवानांसाठीच्या शवपेट्यांच्या खरेदीचे आरोप, आजारपणातली शेवटची वर्षं असं सगळं त्यात आलं आहे. त्यांच्या नेतृत्वाखालच्या 1974 च्या रेल्वे संपाला मात्र लेखकाने एकच वाक्य दिलं आहे: 'हा संप सपशेल फसला.' त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझे वडील भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. खंडव्याकडे जाणाऱ्या मालगाड्यांवर त्यांची ड्युटी असे. रात्री दोन-अडीचला ड्युटीचा निरोप घेऊन येणारा कॉलबॉय दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा, की आई उठून स्टोव्ह पेटवायची. बाबा डबा घेऊन निघायचे ते परत कधी येतील हे कुणालाच सांगता यायचं नाही. गाडी एखाद्या आडगावच्या स्टेशनात लूप लाइनवर चार-चार तास पडून राही. इंजिन सोडून जाता येत नाही, भट्टी विझू देता येत नाही. चौदा तास, सोळा तास अशी ड्युटी करून माणूस घरी आला की तो आधी झोपतो आणि मग जेवतो, हे मी लहानपणी रोज पाहिलं. 'आठ तासांची ड्युटी' ही संपातली मागणी लेखकाला कागदावरचं कलम वाटली असेल. आमच्या घरी तिचा अर्थ बाबा जागेपणी दिसणं एवढा साधा होता.

दुसरी मागणी बोनसची. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने बोनस मिळत होता, रेल्वेच्या माणसाला नाही. रेल्वे म्हणजे सरकारी खातं, तिथे कसला बोनस, असं उत्तर मिळायचं. जॉर्ज 1973 मध्ये ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन या रेल्वे कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि वर्षानुवर्षं नुसत्या निवेदनांत फिरणाऱ्या या मागण्यांना धार आली. 8 मे 1974 ला संप सुरू व्हायचा होता. बोलणी चालू असतानाच 2 मे रोजी त्यांना लखनौमध्ये अटक झाली. तरीही ठरल्या दिवशी गाड्या थांबल्या. सुमारे 17 लाख कामगार त्यात होते असं सांगतात. नेता तुरुंगात आणि संप वीस दिवस चालला, ही गोष्ट आपल्या लेखकाला नोंदवावीशी वाटली नाही याचं मला फार वाईट वाटलं.

मी तेव्हा पाचवी पास होऊन सुट्टीत घरी होते. भुसावळचा मे महिना कसा असतो हे इकडच्या लोकांना सांगायला नको. आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या लाइनीतल्या नळांचं पाणी बंद झालं. रात्री पोलिसांची गाडी यायची, पुरुषमाणूस सापडला की उचलायचे. काहींना तुरुंगात नेत, काहींना सरळ इंजिनावर नेऊन उभं करत. म्हणून घराघरांतले पुरुष पसार झाले होते. बाबा यावलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत लपले होते. आई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची आणि माझा मामेभाऊ सायकलवरून पोचवायचा. एकदा हट्ट करून मी त्याच्या मागे बसून गेले. बाबा पाटाच्या कडेला ओल्या मातीत बसले होते. दाढी वाढलेली, पांढऱ्या सदऱ्यावर सगळीकडे तपकिरी डाग. मला वाटलं रक्त आहे आणि मी रडायला लागले. तो केळीचा चीक होता. फुकटचं खायचं नाही म्हणून ते दिवसभर बागेत पानं कापत होते. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. आईने सोडा घातला, लिंबू चोळलं, उन्हात टाकला, तरी तो सदरा तसाच राहिला.

27 मे रोजी संप मागे घेतला गेला. एकही मागणी मान्य झाली नव्हती. हजारो लोक तुरुंगात होते, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या. बाबांचीही गेली. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्यांनी एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलल्या. त्या दिवसापुरतं पाहिलं तर लेखकाचं वाक्य खरं आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 1977 मध्ये जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढून टाकलेल्यांना परत कामावर घेण्यात आलं. ज्या बोनसला पाच वर्षांपूर्वी 'अशक्य' म्हटलं होतं, तो रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस म्हणून 1979 मध्ये सुरू झाला. सरकारच्या स्वतः चालवलेल्या खात्यांत असा बोनस पहिल्यांदा मिळाला तो रेल्वेलाच. आजही दसऱ्याच्या तोंडावर '78 दिवसांचा बोनस' अशी बातमी आपणच छापता. ती बातमी कुठून आली, याचा माग कुणीतरी केळीच्या बागेपर्यंत न्यायला हवा.

जॉर्ज यांच्या सगळ्या वाटचालीबद्दल मी आंधळी नाही. मंगळूरचा हा मुलगा पाद्री व्हायला बंगळूरच्या सेमिनरीत गेला, तिथे मन रमलं नाही म्हणून बाहेर पडला, 1949 मध्ये मुंबईत आला, चौपाटीच्या बाकावर झोपला. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली शिकला आणि हॉटेलातली पोरं, महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले यांच्या युनियन बांधत गेला. 1967 मध्ये काँग्रेसच्या स. का. पाटलांसारख्या मुंबईच्या अनभिषिक्त राजाला दक्षिण मुंबईत पाडलं तेव्हा त्यांचं वय होतं 36. बाबा हे सगळं आम्हाला गोष्टीसारखं सांगत. त्यांनी जॉर्जना जवळून कधी पाहिलं नव्हतं. आणीबाणीत सरकारविरुद्ध स्फोट घडवण्याचा कट केल्याच्या आरोपावरून, बडोदा डायनामाइट प्रकरणात पकडल्यावर बेड्या घातलेला हात उंचावलेला जो फोटो आला, तो मात्र कापून आमच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. तुरुंगातूनच ते मुजफ्फरपूरला तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले त्या दिवशी बाबांनी अख्ख्या लाइनीत पेढे वाटले. खिशात पैसे नव्हते, पेढे उधारीचे होते.

तेच बाबा जुलै 1979 मध्ये दोन दिवस गप्प होते. जॉर्ज यांनी लोकसभेत मोरारजी सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगोलग त्याच सरकारची साथ सोडली. "युनियनमध्ये असं केलं असतं तर सभेतून उठवला असता," एवढंच बाबा म्हणाले. मला विचाराल तर कामगार नेता आणि दिल्लीचा नेता यांच्यातली फट तिथे पडली. ती पुढे रुंदावतच गेली. त्यांचा समता पक्ष, मग भाजपशी युती, आणि 2002 मध्ये गुजरातच्या हिंसाचारावर लोकसभेत त्यांनी सरकारच्या बाजूने जे भाषण केलं ते. ती बातमी ऐकल्यावर बाबांनी रेडिओ बंद केला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, रविवारी घरी आले तर पेटीच्या झाकणावरचा फोटो नव्हता. त्यांनी फाडला नव्हता, पेटीतल्या कपड्यांखाली ठेवला होता.

आणि तरीही त्या माणसातला जुना कामगार पुढारी मधूनच दिसायचा. 1989 मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, खातं जेमतेम वर्षभर मिळालं, पण तेवढ्यात कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं. पैशांचं रडगाणं चालू होतं म्हणून चार राज्यांना भागीदार करून घेतलं, रोखे काढले, ई. श्रीधरन यांच्यासारखा माणूस नेमला आणि 741 किलोमीटरचा मार्ग 1998 मध्ये पुरा झाला. संरक्षणमंत्री असताना ते सियाचीनला एकदा फोटोपुरते गेले नाहीत, पुन्हा पुन्हा गेले. बर्फावरच्या गाड्यांची फाइल दाबून बसलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी तिथली थंडी बघून या म्हणून वर पाठवलं, ही बातमी बाबांनी मला फोन करून वाचून दाखवली होती. फायरमनला अशी गोष्ट नुसती वाचून कळते. भट्टीसमोर कधी न उभा राहिलेला माणूसच ड्युटीचे तास ठरवतो, हेच तर त्यांचं आयुष्यभराचं गाऱ्हाणं होतं.

निवृत्तीनंतर मी त्यांना कोकण रेल्वेने रत्नागिरीला नेलं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले आणि गाडी पार बाहेर येईपर्यंत बसले नाहीत. "इथे कोळशाचं इंजिन असतं तर आम्ही गुदमरून मेलो असतो," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जॉर्जने चांगलं काम केलं हे." त्या प्रवासात जॉर्जचं नाव एवढंच निघालं.

आता बाबा नाहीत. 29 जानेवारी 2019 ला जॉर्ज गेल्याची बातमी आली तेव्हा मी ती पेटी उघडली. फोटो होता, फेडरेशनची एक वर्गणीची पावती होती आणि तळाशी तो सदरा होता. आईने तो इतकी वर्षं का ठेवला, तिला मी कधी विचारलं नाही.

संपादक महाशय, आपल्या लेखकाला माझी एवढीच विनंती कळवा. जॉर्ज यांच्यावर हवी तेवढी टीका करा, आमच्या घरात त्याहून कडक झाली आहे. पण पुन्हा त्या संपाबद्दल लिहाल तेव्हा 'फसला' हा शब्द काढून 'चिरडला' लिहा, आणि पुढच्याच ओळीत 1977 आणि 1979 मध्ये काय झालं तेही लिहा.

आपली,
एका फायरमनची मुलगी, भुसावळ