पहिल्या पसंतीआधी एक प्रश्न

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना सविनय नमस्कार.

बाबा, विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघात या वेळी मी कोणाला मत देणार, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि सदस्यत्वाची मुदत सहा वर्षांची असते, त्यामुळे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाचही जिल्ह्यांत इच्छुकांच्या फेऱ्या केव्हाच सुरू झाल्या आहेत. मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी येऊन पत्रक देऊन जातो. स्नेहभोजनांची निमंत्रणेही येतात. तिकडे मी जात नाही.

पत्रके वेगवेगळ्या रंगांची असली तरी आश्वासने जवळजवळ सारखीच आहेत: १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन, अंशतः अनुदानित शाळांना शंभर टक्के अनुदान, टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) सक्तीतून सुटका आणि अशैक्षणिक कामे बंद. या मागण्या खोट्या आहेत असे मी कधीही म्हणणार नाही. तुमच्या पेन्शनमुळे आईचे औषधपाणी कोणापुढे हात न पसरता होते, हे मी पाहत आले आहे, आणि माझ्या उतारवयात तसा आधार नसेल याची काळजी मलाही आहे. माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवणारे सर टप्पा अनुदानावर आहेत. माझ्याइतकेच तास घेऊन ते पगाराचा एक हिस्सा घरी नेतात आणि अनुदानाचा पुढचा टप्पा केव्हा मिळेल याची वाट पाहत त्यांची उमेदीची वर्षे सरली. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी टीईटी सक्तीची ठरवली, त्यानंतर तर पहिली ते आठवीला शिकवणारे, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेले कितीतरी अनुभवी शिक्षक पुन्हा परीक्षेच्या पुस्तकांपुढे बसले आहेत.

माझे म्हणणे एवढेच की, हे आश्वासन पुरे करण्याचा अधिकार तुमच्या हाती आहे का, हे उमेदवाराला विचारले गेले पाहिजे. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात आणि त्यांपैकी शिक्षकांचे प्रतिनिधी फक्त सात. पेन्शन आणि अनुदान हे शेवटी तिजोरीचे प्रश्न आहेत, आणि धन विधेयक विधान परिषद चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ अडवू शकत नाही. अशैक्षणिक कामांचेही तसेच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांसाठी शिक्षकांना नेमण्याची मुभा ठेवलेली आहे. हा केंद्राचा कायदा असताना ही सगळी कामे बंद करून दाखवतो, असे आमदारकीच्या उमेदवाराने सांगणे मला पटत नाही. सभागृहात मंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारणे, लक्षवेधी सूचना मांडणे, अर्थसंकल्पावरील चर्चेत शिक्षणाच्या तरतुदींचा हिशेब मागणे मात्र त्याला नक्की करता येते, आणि नेमक्या या कामाबद्दल पत्रकांत एक ओळही नाही.

याहून मोठी खंत वेगळीच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार या मतदारसंघात मत देता येते ते माध्यमिक आणि त्यावरील संस्थांत शिकवणाऱ्यांना. तुम्ही उभी हयात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलेत, एका खोलीत चार इयत्ता सांभाळल्यात, आणि शिक्षक म्हणून तुम्हाला हे मत एकदाही मिळाले नाही. ज्यांना मत नाही त्यांच्या दारी उमेदवार येत नाही, आणि ज्या शाळेत तो येत नाही तिथल्या मुलांचा प्रश्न त्याच्या पत्रकात येत नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले, पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेची शिक्षकपदे ठरवण्याचे, निकष बदलले आणि लहान शाळांतील शिक्षकांची पदे धोक्यात आली. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी असा आपल्या राज्याचा नियम आहे. ती शाळा हलली तर डोंगरातली सहा-सात वर्षांची मुले पावसाळ्यात ओढे ओलांडून कशी जाणार, आणि घरचे लोक मुलींना किती दिवस पाठवणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. याच मुलांपैकी काही पाचवीनंतर आमच्यासारख्या शाळांत येतात. त्यांचा पाया कच्चा राहिला तर माध्यमिक शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न सुटूनही शिक्षणाचा प्रश्न तसाच राहतो.

१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी याच पुण्यातून ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिले, तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी आणि प्राथमिक शिक्षकांना चांगला पगार देण्याची मागणी त्यांनी एकत्रच मांडली होती. शिक्षकाचे हित आणि मुलाचे हित त्यांनी वेगळे काढले नाही. आजच्या उमेदवारांकडून मला हीच अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

म्हणून मी ठरवले आहे की, कमी पटाच्या प्राथमिक शाळा टिकवण्यासाठी सभागृहात तुम्ही काय विचाराल, हा एकच प्रश्न प्रत्येक उमेदवाराला लेखी द्यायचा आणि उत्तरही लेखी मागायचे. शाळेतल्या चार-पाच जणांनी सह्या करण्याचे कबूल केले आहे. या निवडणुकीत पसंतीक्रम लिहायचा असतो, त्यामुळे ज्याचे उत्तर सर्वांत नेमके असेल त्याच्या नावापुढे मी १ लिहीन, मग तो कोणत्याही पक्षाचा किंवा संघटनेचा असो. कोणीच उत्तर दिले नाही तर काय करायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याबाबत तुमचे मत हवे आहे.

बाबा, तुमच्याकडून एक मदतही हवी आहे. आपल्या तालुक्यातील ज्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत आता एकच शिक्षक उरला आहे त्यांची नावे, पट आणि पुढच्या शाळेपर्यंतचे अंतर एका कागदावर लिहून पाठवा. तुमचे जुने सहकारी अजून त्या भागात आहेत, त्यांना विचारून आकडे पक्के करून घ्या. येत्या महिन्यात शिक्षकांच्या मेळाव्यासाठी उमेदवार शाळेत येणार आहेत, त्याआधी कागद हाती आला तर तो प्रश्नासोबत जोडता येईल.

आई, गुडघ्यांचे औषध वेळेवर घेत जा. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतेच आहे.

तुमची लेक