गडग्याची लाल भुकटी

पुणे,
२१ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर गाडी उतारावर लावायचा विषय काढला की बाबा, तुम्ही लगेच धरणात पाणी किती आलं ते विचारायला लागता, म्हणून शेवटी लिहायला बसले.

गौरी विसर्जनाच्या दिवशी सकाळी डिकीतून सतरंजी काढताना मागच्या बंपरचा डावा कोपरा दिसला. वीतभर ओरखडा आणि खालच्या कडेला बारीक चीर. तुम्ही म्हणालात, बाजारात कोणीतरी घासून गेलं असेल. मी बोट फिरवून पाहिलं तर ओरखड्यात जांभ्या दगडाच्या चिऱ्याची लाल भुकटी भरलेली होती. खाली वळणावरच्या दगडी कुंपणाचा, आपल्या गडग्याचा, वरचा चिराही चार बोटं सरकला होता. मी तेव्हा काही बोलले नाही. रात्री भांडी आवरताना आईनेच सगळं सांगितलं. बाबा, तिला रागावू नका. ती सांगतानाही थरथरत होती.

बंपरचं मला काहीच वाटत नाही. तुम्ही हँडब्रेक ओढून दार उघडायला आत गेलात, आईने डिकीतून भाजीची पिशवी आणि नारळ काढले, डिकी लावली, ती पायरीपर्यंत आली आणि मागे गाडी आवाज न करता उतारावरून निघाली. चार पावलं. गेले तीन आठवडे मी ती चार पावलं मोजते आहे.

आता जरा हँडब्रेकबद्दल. आपल्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे एक केबल. ती मागच्या दोन चाकांच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, दाबून धरते, बस. पुढच्या चाकांशी तिचा संबंध नाही. वर्षानुवर्षं ओढून केबल सैल पडते, लायनर झिजतात. मी तिकडे असताना ओढून पाहिला तेव्हा दहा-अकरा वेळा कटकट वाजल्यावर तो घट्ट झाला. नवी गाडी असताना सहा-सात कटकटींत व्हायचा. ब्रेक लागतोय असं हाताला वाटतं, पण उतारावर सगळं वजन मागे ओढायला लागलं की तो सरकतो. केबल ताणून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. मी ४ ऑक्टोबरला येते आहे, त्या दिवशी आपण दोघं गॅरेजमध्ये जाऊन करून घेऊ. तोवर गाडी वर आणू नका. खाली रस्त्यालगत सपाट जागेत लावा आणि चालत या.

आणि बाबा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय तेवढी मोडा. तुम्हाला भीती वाटते की सकाळी विसरून किल्ली फिरवली तर गाडी उडी मारेल. भीती खरी आहे, पण त्यावर उपाय एकच: क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, गाडी सपाटीवर असली तरी. गिअरमध्ये उभ्या गाडीचं चाक फिरायचं तर त्याला बंद इंजिन फिरवावं लागतं, पिस्टनला हवा दाबावी लागते, आणि त्यातच गाडी अडते. पहिला आणि रिव्हर्स हे दोन गिअर सगळ्यात जास्त धरून ठेवतात. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला टाकायचा, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आपल्या दारात तोंड नेहमी वर असतं, म्हणजे पहिला. पण नुसत्या गिअरवरही सोडायची नाही. जास्त उतारावर दाबलेली हवा हळूहळू सुटते आणि गाडी हिसके देत थोडी थोडी सरकू शकते. गिअर आणि हँडब्रेक, दोन्ही हवेत.

क्रमही महत्त्वाचा आहे. पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. मग पायाचा ब्रेक सावकाश सोडा आणि तीन-चार श्वास तसेच बसून राहा. गाडी हँडब्रेकवर उभी राहते की नाही ते तिथेच कळतं. सरकली तर पाय अजून ब्रेकवरच आहे. उभी राहिली की पुन्हा ब्रेक आणि क्लच दाबायचा, इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि मगच पाय काढायचे. आधी गिअर टाकून पाय काढले तर सगळा भार गिअरबॉक्सवर येतो आणि हँडब्रेक कमजोर झालाय हे कधी कळतच नाही.

स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवून ठेवा. गडगा डाव्या हाताला आहे. गाडी मागे आलीच तर दोन-तीन फुटांत त्याला टेकेल, वळणापर्यंत वेग घेणार नाही. आमच्याकडे बावधनला फूटपाथलगत चढावर लावाल तेव्हा मात्र उलट, उजवीकडे वळवायचं, म्हणजे पुढचं चाक फूटपाथच्या कडेला अडतं.

आणि दगड. बाबा, दगड तर तुम्हीच मला शिकवलात! मी दहा वर्षांची असेन, आपली फियाट, तो स्टेअरिंगजवळचा गिअर. आंबा घाटात रेडिएटर तापला आणि तुम्ही मला म्हणालात, "जा, दगड आण, चपटा नको." मी आणलेला पहिला दगड तुम्ही परत पाठवलात. दुसऱ्याची पातळ कड टायरखाली सरकवून वरून बुटाने दाबलीत. निघताना गाडी थोडी पुढे नेऊन थांबवलीत आणि परत चालत येऊन तो दगड रस्त्याबाहेर टाकलात, रात्री कोणा मोटारसायकलवाल्याच्या चाकाखाली येऊ नये म्हणून. मी आजही घाटात थांबले की तेच करते. मग आपल्याच दारात दगड का नाही? चिऱ्याचा एक तिरका तुकडा पांढरा रंगवून गेटजवळ ठेवा.

आई, हे तुझ्यासाठी. चाकाला दगड लागल्याशिवाय डिकी उघडायची नाही. दगड लावतानाही गाडीच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूने वाकायचं, आणि तोवर बाबा ब्रेकवर पाय ठेवून आत बसतील. घाई असली, पाऊस असला, तरी.

बाबा, तुम्ही कोर्टात नाझर होतात, म्हणून हेही सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ मध्ये हेच आहे: सार्वजनिक जागी चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी व्यवस्था केलेली हवी. मागे सेन्सर बसवून घेऊ म्हणालात, ते जरूर बसवू. पण सेन्सर रिव्हर्स घेताना वाजतात. किल्ली काढून तुम्ही आत गेलात की ते कोणालाही सावध करणार नाहीत.

पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तेव्हा सपाट जागेत लावा, गिअर आणि दगड ठेवा आणि हँडब्रेक सैल सोडा. आपल्याकडच्या दमटपणात लायनर ड्रमला चिकटून बसतात.

आता बंपर. तो प्लास्टिकचा आहे, गंजणार नाही, म्हणून घाई नाही. हाच ओरखडा पत्र्यावर असता तर आपल्या खाऱ्या हवेत एक दिवसही थांबू नका म्हटलं असतं. आधी साबणाच्या पाण्याने नीट धुवा. कोरडं पुसू नका, चिऱ्याची भुकटी रंगाला आणखी घासेल. धुतल्यावर ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडत नसेल तर रबिंग कंपाउंडने मऊ फडक्याने हलक्या हाताने जाईल. अडत असेल तर रंगच द्यावा लागेल. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बंपरची डावी कड चाकाजवळ सुटली आहे का ते बघा. आतली क्लिप तुटली असेल तर ती बदलून मिळते. कड टायरला घासत असेल तर मात्र गाडी काढू नका. मागचे दिवे लागतात का ते आईला बाजूला उभं करून बघून घ्या.

इन्शुरन्सचा क्लेम करू नका. मला इथे चीर सांधून रंग देण्याचे साडेतीन हजार सांगितले. क्लेममधले पहिले १,००० आपल्याला भरावेच लागतात, आपल्या साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसाऱ्यात जाते, आणि वर पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, शून्यावर येतो. हे पैसे मी देणार, त्यावर वाद नको.

मी किल्ली काढून घेईन म्हणून तुम्ही लपवलंत, हे आईने सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. तुम्ही आईला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर जाता, तिला दवाखान्यात नेता, ते थांबावं असं मला कधीच वाटलं नाही. तुमचं चालवणं आजही माझ्यापेक्षा शांत आहे. पण पुढच्या वेळी काही झालं, अगदी आरसा घासला तरी, त्याच संध्याकाळी मला फोन करा. आईकडून रात्री भांडी घासताना कळायला नको.

शनिवारी सकाळी पोचते. आई, घावणे कर.

तुमची,
मनू

ता. क. सरकलेला चिरा एकट्याने उचलू नका बाबा. मी आल्यावर दोघं मिळून बसवू.