अंबाजोगाईच्या चाचांना, आमच्या ट्रेलरचा कट-ऑफ शोधून दिल्याबद्दल

चाचा, सलाम.

तुम्ही आमच्या घर-ट्रेलरचा बॅटरी कट-ऑफ, म्हणजे बॅटरीचा करंट तोडणारा मेन स्विच, शोधून दिलात आणि तो कधी पाडायचा, कधी चालू करायचा हे नीट शिकवलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. दुकानातून निघताना हात जोडले होते, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही जे सांगितलंत ते फक्त आमच्या कामाचं नाही. कुणाकडे फिरता दवाखाना आहे, कुणाकडे सोयाबीनचा हंगाम संपला की महिनोन्महिने शेडमध्ये उभं राहणारं हार्वेस्टर आहे. त्यांच्याही ते वाचण्यात यावं म्हणून पत्र उघडं लिहितेय.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसायचा संडास तिला जमत नाही, त्यामुळे देवदर्शन, लग्नकार्य, पाहुण्यांकडे मुक्काम, सगळंच बंद झालं होतं. ट्रेलर घेतला तो तिच्यासाठी. आत कमोड, पंखा, पलंग, गॅसची शेगडी. बोलेरोला जोडला की तुळजापूर म्हणा, पैठण म्हणा, औंढा म्हणा, तिचं घर तिच्यासोबत. ट्रेलर जुना, दुसऱ्या मालकाकडून घेतलेला. त्याच्यासोबत आरसी आली, वायरिंगचा कागद काही आला नाही.

आणि अंगणात काही दिवस उभा राहिला की त्याची बॅटरी उतरायची. दिवे बंद, पंखा बंद, तरीही. निघायच्या दिवशी पाण्याचा पंप घरघर करून गप्प व्हायचा. पंप नाही म्हणजे संडासाला पाणी नाही, आणि मग आई गाडीत पाय ठेवायची नाही. बॅग भरून दारात बसलेल्या बाईला "आज नको" म्हणणं किती जड जातं, हे घरात म्हातारं माणूस असलेल्यालाच कळेल. एका दुकानात बॅटरी गेली म्हणाले, नवी बसवली. तीही उतरायला लागली. दुसरीकडे गेलो तर तिथंही नवीच घ्या म्हणाले.

तुम्ही बॅटरी विकायची गोष्टच काढली नाहीत. रात्रभर स्लो चार्जिंगला लावलीत, सकाळी हायड्रोमीटर घेऊन सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघितलीत, सगळीकडं सारखी. "बॅटरीला काही झालं नाही ताई. कोणतरी बसल्या जागी करंट खायलंय." मग निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये मीटर जोडलात. आतलं एकूण एक बटण बंद होतं आणि मीटर पाव अँपिअर दाखवत होता. मला ते काहीच वाटलं नाही. तेव्हा तुम्ही शटरवर खडूनं हिशेब मांडलात: पाव गुणिले चोवीस तास, दिवसाला सहा अँपिअर-अवर, शंभरची बॅटरी आठ-नऊ दिवसांत निम्म्यावर. निम्म्याखाली पुन्हा पुन्हा गेली, तशीच पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग चांगली बॅटरीही खरोखरच मरते. आमची पहिली बॅटरी कशानं गेली ते त्या शटरवर वाचलं मी.

एकेक फ्यूज काढत तुम्ही खाणारे पकडलेत. गॅस गळतीचा अलार्म, टेपची मेमरी, स्टँडबायवर जागा असलेला इन्व्हर्टर. यातला चोर कुणीच नाही, सगळे आपापलं काम करणारे. म्हणून त्यांना कापून टाकायचं नाही, गाडी उभी असताना सगळ्यांचं एकत्र बंद करायचं, आणि त्यासाठी कट-ऑफ असतोच, तो शोधायचा, असं तुम्ही म्हणालात.

परदेशी ट्रेलरमध्ये हा स्विच बहुतेकदा दाराजवळच्या पॅनलवर असतो, नाहीतर पुढं बॅटरीच्या पेटीशी, सामानाच्या कप्प्यात किंवा फ्यूज बॉक्सच्या आसपास. आमच्यात यातल्या कुठंच दिसत नव्हता. तुम्ही पॉझिटिव्हची जाड लाल वायर हातात धरलीत आणि सोडली नाहीत. ती पेटीतून खाली उतरली, चॅसीला क्लिपांनी बांधलेली, पत्र्यातून रबरी बुचातून आत शिरली. तुम्ही पाठीवर झोपून बोटांनी चाचपत होता, मी आत पलंगाखाली टॉर्च धरून होते. ड्रॉवर बाहेर ओढला, मागं प्लायची फळी, फळीला चार स्क्रू. फळी निघाली आणि लाल गोल नॉब दिसला, धुळीनं भरलेला. तुम्ही तो फिरवलात, "कट्ट" आवाज झाला तसा मीटर शून्यावर आला. आम्ही दोघंही हसलो, आठवतंय ना? त्या फळीत तुम्ही लगेच हाताएवढी खिडकी कापून दिलीत, म्हणजे ड्रॉवर उघडला की नॉब समोर.

स्विच सापडणं हे अर्धंच काम होतं, आणि खरे आभार पुढच्या अर्ध्याचे आहेत. आईला तुम्ही एका वाक्यात समजावलंत, "टाकीचा मेन कॉक आहे बघा, नळ गळंना का, कॉक बंद तर पाणी टाकीत." पण मला मात्र सगळ्या खाचाखोचा दाखवल्यात. घरच्या लाईटची वायर ट्रेलरला जोडली तेव्हा कट-ऑफ बंद असूनही आतले दिवे लागले. मला वाटलं स्विच खराब. तुम्ही बॅटरीवर मीटर धरून दाखवलंत, आकडा तिथल्या तिथं. दिवे चार्जरवर चालले होते आणि बॅटरीपर्यंत काहीच पोचत नव्हतं, कारण आमच्या ट्रेलरात चार्जर स्विचच्या पलीकडं आहे. नॉब चालू केल्यावर आकडा साडेतेरा व्होल्टच्या पुढं चढला. म्हणजे घरी चार्जिंगला लावायचं तर कट-ऑफ चालूच हवा, नाहीतर आठवडाभर वायर लावून ठेवली तरी बॅटरी तशीच. हे मला कुणी सांगितलं नसतं.

छतावरच्या सोलरची वायर थेट बॅटरीवर येते, तिला कट-ऑफ लागत नाही. त्यामुळे नॉब बंद ठेवून ट्रेलर उन्हात उभा केला तरी बॅटरी भरती राहते, आणि लातूरला उन्हाची काय कमी! ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी वायरही थेटच आहे. ती तुम्ही मुद्दाम तपासलीत आणि बजावलंत की तिला कधीही कट-ऑफच्या मागं घेऊ द्यायचं नाही, कुणी वायरमन कितीही हुशारी सांगो. ती वायर मी लाल टेपनं बांधून ठेवलीय.

गॅसचं सांगितलंत त्याबद्दल तर मी जन्मभर ऋणी राहीन. कट-ऑफ पाडला की गळतीचा अलार्मही झोपतो. म्हणून आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, इन्व्हर्टर बंद, मग नॉब. मुक्कामाला पोचलं की उलट क्रम: आधी नॉब, अलार्मचा हिरवा दिवा स्थिर झाला की मग गॅस. आईला हे तोंडपाठ झालंय. दिवा लागल्याशिवाय ती चहाचं पातेलं ठेवू देत नाही.

बॅटरी तीच आहे, तुम्ही वाचवलेली. परवा निघताना मीटर साडेबारा व्होल्टच्या वर होता. पैठणला गोदावरीच्या काठी आई दोन रात्री राहिली, पंखा लावून शांत झोपली. परतताना माझ्या भावजींकडे थांबलो, त्यांच्या हार्वेस्टरची बॅटरीही दर हंगामाला बसते. त्याला कट-ऑफ नव्हताच. लाल वायरीवर स्विच बसवायला सांगितलंय, आणि तोवर उभं असताना टर्मिनल काढायचं तर निगेटिव्ह आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं, हेही तुमचंच त्यांना ऐकवलं.

तुम्ही मजुरी म्हणून जे घेतलंत ते बॅटरीच्या डिस्टिल वॉटरलाही जेमतेम पुरलं असेल. नवी बॅटरी विकली असतीत तर आम्ही काही न बोलता पैसे दिले असते, हे तुम्हालाही माहीत होतं.

मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाला आईला घेऊन येतोय. सकाळी ट्रेलर तुमच्या दुकानासमोर लावते, ग्रॅव्हिटी एकदा बघून द्या. आणि चाचींना म्हणावं स्वयंपाक करू नका, आई पुरणाच्या पोळ्या घेऊन निघणार आहे.

तुमची,
लातूरची ताई