विषय: क्लच-स्टार्टर किटमधील विजोड भाग, परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय/महोदया,

माझ्या 1972 च्या शेव्हरोले सी-10 ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मी त्याला मॅन्युअल बसवला. त्यासाठी आपल्याकडून ‘संपूर्ण क्लच-स्टार्टर किट’ घेतले. त्यातले दोन भाग उरलेल्या भागांशी जुळत नव्हते. आपण ते परत घ्यायला नकार दिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑर्डर देण्याआधी मी फोनवर सगळे सांगितले होते: इंजिन 350 स्मॉल ब्लॉक, मागचे ऑइल सील दोन तुकड्यांचे, जुना गिअरबॉक्स टर्बो 350, नवीन एसएम 465 चार गिअरचा. आपल्या प्रतिनिधीने विचारले ते फक्त ट्रकचे वर्ष. फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाला) दात किती, हा प्रश्न त्याने विचारला नाही. मी तो स्वतःहून काढला, तेव्हा उत्तर मिळाले, “मॅन्युअलचा स्टार्टर वेगळा असतो, तोच पाठवतो.”

घोटाळा इथेच झाला. या इंजिनाचा स्टार्टर मॅन्युअल की ऑटोमॅटिक यावरून ठरत नाही, तो रिंग गिअरच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्याच्या, दातांवरून ठरतो. मोठे फ्लायव्हील 14 इंचांचे, 168 दातांचे. लहान पावणेतेरा इंचांचे, 153 दातांचे. मोठ्याच्या स्टार्टरची दोन बोल्टांची भोके तिरकी असतात, लहानाच्या स्टार्टरची सरळ रेषेत. आपण 11 इंची क्लचसोबत 168 दातांचे फ्लायव्हील पाठवले, ते बरोबरच होते. पण सोबतचा स्टार्टर सरळ भोकांचा, म्हणजे 153 दातांचा निघाला.

काही ब्लॉकना बाहेरच्या बोल्टसाठी दोन्ही जागी भोके पाडलेली असतात. माझ्या ब्लॉकलाही आहेत. त्यामुळे चुकीचा स्टार्टरसुद्धा मुकाट्याने बसला. चावी फिरवण्याआधी पिनियन (स्टार्टरचे लहान दातेरी चाक) हाताने पुढे ओढून पाहायची मला सवय आहे, म्हणून वाचलो. पिनियन दातांच्या आत अर्ध्या इंचाहून जास्त सरकलेला होता. दातांत शिरायचे सोडून तो थेट फ्लायव्हीलच्या तोंडावर टेकला. तसेच सेल्फ मारले असते तर नवा रिंग गिअर किंवा स्टार्टरचे नाक, काहीतरी नक्की फुटले असते. ऑटोमॅटिकबरोबर काढून ठेवलेला जुना, तिरक्या भोकांचा स्टार्टर लावला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. ‘मॅन्युअलचा स्टार्टर वेगळा’ या म्हणण्याला याहून स्पष्ट उत्तर मी देऊ शकत नाही.

किटमधले स्टार्टरचे बोल्टही साधे होते. या स्टार्टरला मधल्या भागावर खाचा कोरलेले बोल्ट लागतात, कारण स्टार्टर नेमक्या जागी धरून ठेवण्याचे काम त्या खाचाच करतात. मी माझे जुने बोल्ट वापरले.

दुसरी चूक रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची बोटे ढकलून क्लच सोडवणाऱ्या भागाची), आणि तिचा त्रास कितीतरी जास्त झाला. आपली प्रेशर प्लेट (क्लच फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) सपाट बोटांच्या डायफ्रॅम स्प्रिंगची आहे. तिला साधारण पावणेदोन इंचांहून थोडे लांब बेअरिंग लागते. किटमध्ये आले सव्वा इंचाचे आखूड. पेडल तळापर्यंत दाबले तरी क्लच पूर्ण सुटत नव्हता, बेअरिंग ढकलणारा फोर्क आपल्या हालचालीच्या टोकाला जाऊन अडत होता. फोन केला तेव्हा सांगण्यात आले, “एसएम 465 चा पहिला गिअर सिंक्रो नसतो, तो कुरकुरणारच, सवय होईल.” पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी रचना, नसते हे मला ठाऊक आहे. पण माझा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबलेले असताना पुढे सरकत होता. त्याचा सिंक्रोशी काय संबंध?

मग ओतीव लोखंडाचा तो गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. ज्याने तो जमिनीवर पडून छातीवर तोलला आहे, त्याला हे काम काय असते ते सांगायला नको. मी आणि माझ्या मुलाने सबंध शनिवार त्यात घालवला. दुसरीकडून लांब बेअरिंग आणून बसवले आणि क्लच लगेच नीट सुटू लागला. म्हणजे प्लेट, फ्लायव्हील, फोर्क यांपैकी कशातही खोट नव्हती.

आता परताव्याबद्दल. भाग “बसवलेले आहेत, म्हणून वापरलेले” असे कारण देऊन आपण ते नाकारले. स्टार्टरला बॅटरीची तार एकदाही लागलेली नाही. त्याच्या पिनियनवर एक चराही नाही, फोटो सोबत जोडले आहेत. बेअरिंग मात्र फिरले आहे, हे मी लपवत नाही. पण ते चुकीचे आहे हे बसवल्याशिवाय मला कसे कळणार होते? किट जुळवून देण्याची जबाबदारी आपली होती, आणि त्यासाठीच मी सुटे भाग न घेता किट घेतले.

माझ्या मागण्या अशा आहेत. स्टार्टर आणि बेअरिंग यांची पूर्ण किंमत परत मिळावी आणि त्यातून हाताळणी शुल्क कापू नये. परतीच्या वाहतुकीचा खर्च आपण करावा. लांब बेअरिंगची पावती जोडली आहे, ती रक्कमही मिळावी. पत्र मिळाल्यापासून 10 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास कार्ड कंपनीकडे या रकमेबद्दल हरकत नोंदवीन.

आणखी एक विनंती, जी पैशांची नाही. ऑर्डर घेताना दातांची संख्या, क्लचचा व्यास आणि प्रेशर प्लेटचा प्रकार विचारायला सुरुवात करा. 1986 पासूनच्या 350 ला मागचे सील एकसंध असते आणि फ्लायव्हील तोल साधण्यासाठी एका बाजूला वजन दिलेले लागते, म्हणून सीलही विचारा. ऑटोमॅटिकसाठी बनलेल्या काही क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला, गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक धरणाऱ्या पायलट बुशसाठी पूर्ण भोक पाडलेले नसते, हे ग्राहकाला आधीच सांगा. माझ्या क्रँकला ते होते. ज्याच्या क्रँकला नसेल, त्याला ते गिअरबॉक्स चढवताना कळेल.

दोन्ही भाग मूळ खोक्यात बांधून तयार ठेवले आहेत.

आपला ग्राहक
(ऑर्डरची प्रत, दोन्ही बेअरिंगांच्या मापांचे व स्टार्टरचे फोटो सोबत)