शेवटच्या नळाचे पाणी तपासा

जलजीवन मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ देण्याचा केंद्राचा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र त्यावरची चर्चा अजूनही किती घरांत नळ पोहोचले, एवढ्यावरच थांबते. त्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे रोज कोण पाहणार?

आमच्या गावात टाकीखालच्या खोलीत पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे पोते उघड्या तोंडाने ओलसर भिंतीला टेकवलेले असते. दमट हवा लागली की पावडरमधला क्लोरीन उडून जातो. मग ठरलेल्या मापाने ती टाकूनही पाणी निर्जंतुक होत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की उरलासुरला क्लोरीनही त्या गाळातच खर्ची पडतो, आणि नेमके तेव्हाच गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही पहिला संशय दूषित पाण्यावरच गेला होता.

भारतीय मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकापर्यंत पोहोचेतो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का, म्हणजेच त्यात क्लोरीन उरला आहे का, हे पाहायला मिनिटभर लागते. ही चाचणी टाकीपाशी न करता गावातल्या शेवटच्या नळावर रोज व्हावी आणि तिची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर तारखेसह लिहावी. मुदतवाढीबरोबर येणाऱ्या निधीसाठी हीच अट घालावी.

– एक ग्रामस्थ, जि. सातारा